वीतभर माती

पाय खाली गेला. रखमाबाई पडली नाही, पण जिथं जमीन असायला हवी तिथं ती नव्हती, आणि वीतभर खाली जाऊन टाचेला जे लागलं ते तिच्या ओळखीचं नव्हतं. पालघरच्या डॉक्टरने डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे सगळं ताकात बुडवल्यासारखं दिसत होतं. ऊन पांढरं, भिंत पांढरी, पुढे चाललेल्या सुनेची पाठही पांढरी. बोईसर स्टेशनापासून नर्मदाने तिला हाताला धरून आणलं होतं. खोलीत शिरायच्या आधी परसात चक्कर मारायची तिची रोजची सवय, म्हणून हात सोडवून ती मागे वळली होती. आता ती तशीच, एक पाय वर आणि एक खाली, उभी राहिली. मग वाकून तिने हाताने चाचपलं. बोटांना मुरूम टोचला. कोरडा, खडबडीत. कुदळीची धार जिथं घासून गेली होती तिथं तो गुळगुळीत लागत होता. हात पुढे सरकवला, आणखी पुढे सरकवला. सगळीकडे तेच. कुंपणाच्या काट्यांखाली तेवढी बोटभर माती राहिली होती. ती तिने चिमटीत धरली. ओली होती. काल संध्याकाळी तिनेच पाणी घातलं होतं.

"आत्याबाई, आत चला. डोळ्याला ऊन लागंल," नर्मदा म्हणाली. एवढंच म्हणाली. 'अगंबाई' म्हणाली नाही, 'हे काय झालं' म्हणाली नाही. आणि तिच्या त्या न म्हणण्यातून रखमाबाईला कळलं की सुनेला हे ठाऊक होतं. सकाळी डोळे दाखवायची घाई का झाली होती, आनंदाने स्वतः होऊन तिकिटं का काढून आणली होती, परतताना नर्मदा पालघरच्या बाजारात बांगड्या बघत इतका वेळ का रमली होती, हे सगळं एकामागून एक समोर येऊन बसलं. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी ते स्पष्ट दिसत होतं.

ती आत गेली नाही. तुळईच्या एका तुकड्यावर, जिथं बसून ती रोज निंदायची, तिथं बसली. माती गेली, असं तिने मनात म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा गेली. पहिल्यांदा गेली ती धरणात. तेव्हा निदान दवंडी पिटली होती. गावात अधिकारी आले, चावडीवर बसले, चुन्याने दगडांवर खुणा केल्या; हे वरचं राहील, हे खालचं जाईल. तिचं खालचं होतं. नवरा मेल्यावर पोर कडेवर घेऊन तिने ते रान ओढलं होतं. त्या रानाला वास होता. नांगराच्या तासामागून चालताना, आडव्या झालेल्या ढेकळातून तांबूस गांडुळं अर्धी आत अर्धी बाहेर लोंबायची आणि बगळे बैलांच्या पायात घुटमळायचे. सासरा म्हणायचा, "पोरी, आपण वरून नांगरतो, ते खालून नांगरतात. आपल्याला रात्री झोप लागते, त्यांना तीबी नाही." सकाळी बांधावर उभं राहिलं की जमिनीवर जागोजाग मऊ मातीच्या गोळ्यांचे ढीग दिसायचे, गांडुळांनी रात्रीतून वर आणून टाकलेले. त्या भोकांतून पाणी आत जायचं, आणि ज्वारीचं मूळ तीच वाट धरून खोल उतरायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ताटं उपटताना दिसायचं.

पाणी चढू लागलं तेव्हा गावातले लोक भांडीकुंडी गाड्यांत भरत होते. ती रानात उभी होती. पाणी संथपणे येत होतं, आवाज न करता, आणि त्याच्या पुढे पुढे जमिनीतलं सगळं वर येत होतं. मुंग्या तोंडात पांढरी अंडी धरून रांगेने बांधावर चढत होत्या. काळे, शेकडो पायांचे वाणी किडे वळवळत होते. शेणकिडे, गोमी, विंचू, कधी न दिसणारी हुमणीची पांढरी अळी, सगळे एका बांधावर. बांध काळा झाला, हलू लागला. मग पाणी बांधावरही आलं. "माय, चल," लहान आनंदा तेव्हा तिचं लुगडं ओढत रडत होता. तोच आनंदा. त्याला ते आठवत असेल का? तिने कधी विचारलं नव्हतं. आपल्याला जे आठवतं ते लेकराला पण आठवत असणार, असं तिने धरून ठेवलं होतं.

पुढं आनंदा मोठा झाला, तारापूरला वीज काढायचा कारखाना बांधतायत म्हणून कंत्राटदाराकडे स्टोअरमध्ये लागला, बायको आणि आई घेऊन बोईसरला आला. बोईसर तेव्हा स्टेशनापुरतंच होतं. चार टांगे, वाण्याची दुकानं, आणि कामगारांसाठी घाईने बांधलेल्या खोल्यांच्या ओळी. खोलीमागे हा तुकडा होता. इंजिनाची राख, खडी आणि खोदकामातला मुरूम टाकून केलेली भर. तिने पहिल्याच महिन्यात भेंडी लावली. भेंडी करंगळीएवढी झाली आणि पिवळी पडून गेली. तिने खुरप्याने उकरून पाहिलं. खोल उकरलं. एकही गांडूळ नाही, मुंगीसुद्धा नाही. इतकी निर्जीव माती तिने पाहिली नव्हती. त्या दिवशी ती तिथंच बसून होती, आणि डोक्यावर लाकडाचा भारा घेतलेली एक काळीसावळी बाई कुंपणाशी थांबून तिच्याकडे बघून हसत होती.

"काय शोधतं, बाय? पैसं पारलं का?"

"गांडूळ," रखमाबाई म्हणाली.

ती बाई आणखीच हसली. भारा खाली टेकवून आत आली, चिमूटभर माती उचलून नाकाशी नेली आणि टाकून दिली. "मेली हाय ही. हिच्यात काय नाय ऱ्हायाचा."

ती मंगळी. मासवणकडची वारली. पावसाळ्यात डोंगरउतारावर भात आणि नागली करायची. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर बोईसरला यायची, कामावर मातीच्या पाट्या वाहायची, काम नसेल त्या दिवशी लाकडं विकायची. पुढच्या वेळी ती गावाहून आली तेव्हा डोक्यावर पळसाच्या पानांनी झाकलेली पाटी होती. पाटीत रानातली माती, सागाच्या आणि ऐनाच्या कुजक्या पाल्यासकट, थंडगार. रखमाबाईने पानं बाजूला केली आणि आतून काहीतरी सरकलं. जांभळट, लांब, ओलं. रखमाबाई त्या गांडुळाकडे बघतच राहिली. म्हाताऱ्या वयात रडायला येईल असं त्यात काही नव्हतं, तरी आलं.

"माज्या रानातली हाय," मंगळी म्हणाली. "बोडक्यावर नको टाकू, मरतील. पाला घाल वर. शेण घाल. आन् अर्दी भाजी माजी."

तसं ठरलं. तसंच चाललं. मंगळी दर खेपेला पाटी आणायची. रखमाबाई टांग्याच्या अड्ड्यावरून घोड्याची लीद आणायची, शेजारणींकडून भाजीची देठं, केळीची सालं. ओळीतल्या बाया नाकाला पदर लावायच्या. नर्मदाला लाज वाटायची. ती तसं बोलली नाही, पण कुणी पाहुणा आला की मागचं दार लावून घ्यायची. रखमाबाई पाला पसरायची आणि वाट बघायची. घाई करून चालत नाही हे तिला माहीत होतं. आधी वाणी आले, पाला कुरतडणारे. मग पाल्याखाली पांढरी बुरशी, मग शेणकिडे, कुठून आले देवाला माहीत. आणि एका सकाळी, वांग्याच्या बुडाशी, मऊ मातीच्या गोळ्यांचा एक ढीग. तिने तो मोडला नाही. नर्मदाला बोलावून दाखवला. नर्मदा म्हणाली, "हो का?" आणि दुधावर लक्ष द्यायला आत गेली. आनंदाला दाखवला. तो सायकल पुसत होता. "छान आहे, माय," तो म्हणाला, न बघता. मंगळी आली तेव्हा तिला दाखवला. मंगळी उकिडवी बसली, एक बोट हळूच त्या ढिगाला लावलं, आणि म्हणाली, "हगली. आता जगतं ही." दोघी पोट धरून हसल्या होत्या.

मुरमावर वर्षावर्षाने चढत गेलेली ती वीतभर माती. रखमाबाईने चिमटीतली माती लुगड्याला पुसली नाही. तशीच मुठीत धरून बसली.

आनंदा संध्याकाळी आला. अजून उजेड होता. त्याने सायकल भिंतीला लावली, पाय धुतले, आणि मग आई मागे बसलेली आहे हे माहीत असूनही तिथं यायला त्याला वेळ लागला.

"डोळ्याचं काय म्हणाले डॉक्टर?"

"माती कुठं नेली?"

त्याने ओले हात सदऱ्याला पुसले. मग एकदम बोलू लागला, पाठ केल्यासारखं. मोठ्या साहेबांना बंगल्यापुढे बाग करायची आहे. समुद्राकाठची जमीन, सगळी वाळू, त्यात काही येत नाही. साहेब स्टोअरमध्ये म्हणाले, इथं कुठं चांगली माती मिळेल का. सगळ्यांच्या देखत म्हणाले. "मग मी बोललो, माय. तोंडातून गेलं. त्यांनी लगेच ट्रक दिला. माझं नाव विचारलं. पाच वर्षं तिथं आहे मी, पहिल्यांदा नाव विचारलं त्यांनी. काम संपलं की कंत्राटदार जाणार. मग आपण कुठं जायचं? साहेबांनी शब्द टाकला तर मी पर्मनंट होतो."

"मला कामून नाही विचारलं?"

"विचारलं असतं तर दिली असतीस?"

दिली असती का? लेकराच्या भाकरीसाठी तिने काय दिलं नव्हतं? कदाचित दिली असती. मंगळीला बोलावून सांगितलं असतं, दोघींनी मिळून आधी गांडुळं वेचून एका कोपऱ्यात ठेवली असती, आणि मग म्हणाली असती, ने बाबा. पण त्याला ती विचारण्याजोगी वाटली नाही. तिला पालघरला पाठवून, डोळ्यांत औषध घालून, तिच्या पाठीमागे ट्रक बोलावण्याजोगी वाटली. दवंडी पिटणाऱ्यांनी निदान तोंडावर सांगितलं होतं.

"माय, माती तर आहे ती. परत होईल," आनंदा म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. तो वाईट नव्हता. तेच अवघड होतं. वाईट असता तर तिला शिव्या देता आल्या असत्या.

"मला बघायची," ती म्हणाली.

"काय?"

"माती. कुठं टाकली ते बघायचं मला."

तो तिसऱ्या रविवारी तिला घेऊन गेला. नको म्हणाला असता, पण त्याला तेवढं तरी करायचं होतं. कामगारांच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी तिला बसवलं. वाटेत ताडांची बनं, मिठागरांसारखी पांढरी पडलेली खाजणं, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, आणि लांबवर, समुद्राला टेकून, त्या कारखान्याच्या चौकोनी भिंती. डोळे आता बरे होते. सगळं स्वच्छ दिसत होतं, हवं त्यापेक्षा जास्त. आनंदा वाटेत एकदाच बोलला. "बाई चांगल्या आहेत. तू काही म्हणू नकोस."

बंगल्यापुढे तिची माती होती. तिने ती लांबूनच ओळखली. त्या पिवळ्या वाळूत ती काळीभोर, सारखी केलेली, चौकोन आखून पसरलेली. कडेला गुलाबाच्या कलमांची आळी आणि मध्ये हिरवळीसाठी टोचलेली दूर्वा, नुकती धरलेली. साहेबांच्या बाई व्हरांड्यातून उतरून आल्या. पुण्याकडच्या असाव्यात. गोऱ्या, तरुण, मोकळ्या. "आनंदाच्या आई ना तुम्ही? या ना, या. तुमच्यामुळे माझी बाग झाली हो. मी ह्यांना म्हणत होते, अशी माती इथं सोनं देऊन मिळायची नाही." आणि आत वळून कुणाला तरी चहा टाकायला सांगितलं.

रखमाबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. माळी हिरवळीवर काहीतरी तपकिरी भुसा शिंपडत होता आणि मागून झारीने भरपूर पाणी मारत होता. तो वास तिने ओळखला. जड, तेलकट, कडवट. मोहाची पेंड. मंगळीने एकदा दाखवून सांगितलं होतं, ही डोहात घातली की मासे गुंगून वर तरंगतात.

"हे कामून टाकता?" तिने माळ्याला विचारलं.

"किडं झालंत ना, बाय. गांडुलं. नुसती भरलीत. बगा आता तमाशा."

जमीन हलायला लागली. आधी इथं एक, तिथं एक. मग सगळीकडून. ती वर येत होती, घाईघाईने, अर्धं अंग बाहेर काढून पिळवटत, एकमेकांवर पडत. जांभळट, लांब. अंगावर फेस धरत होता. काही दूर्वांच्या पात्यांना वेटोळे घालत होती, काही वाळूच्या कडेपर्यंत जाऊन तिथं सुकत होती. साळुंक्या उतरल्या. माळी हिराच्या झाडूने गांडुळांना घमेल्यात लोटू लागला. घमेल्यातून ओलसर, सळसळता आवाज येत होता.

"शी! बघितलंत?" बाई मागे सरकत म्हणाल्या. "रोज सकाळी हिरवळीवर मातीच्या गोळ्या करून ठेवतात. पाय ठेववत नाही. बिचारी मातीबरोबर आली असणार तुमच्याकडून." आणि मग त्यांना आपलं बोलणं लागेल असं वाटलं असावं, कारण त्या घाईने म्हणाल्या, "माती मात्र अगदी छान आहे हं, आजी. अजून काही घालायला हवं का हिच्यात? तुम्हाला त्यातलं कळतं, आनंदा सांगत होता."

आनंदा व्हरांड्याच्या खांबाशी उभा होता. तो तिच्याकडे बघत होता. लहानपणी लुगडं ओढताना बघायचा तसा. रखमाबाईला सांगता आलं असतं. बाई, ही आता बसत जाईल. पाणी वरच्या वर वाहून जाईल. दोन उन्हाळ्यांत खापरासारखी होईल, मग मुळं घुसमटतील आणि तुम्ही खत ओतत बसाल. जिभेवर सगळं तयार होतं. लेकासाठी तिने ते गिळलं, असं तिला आधी वाटलं. मग घमेल्याकडे बघता बघता तिला कळलं की ते तेवढंच नव्हतं. ही बाग मरावी, असं तिला वाटत होतं. या हसऱ्या, चहा पाजणाऱ्या पोरीने वाढवलेला एकेक गुलाब बुडापासून सुकावा, आणि का सुकला हे तिला कधीच कळू नये. आयुष्यात तिने कुठल्या रोपाचं वाईट चिंतलं नव्हतं. स्वतःचीच भीती वाटून तिने पदर अंगाभोवती ओढला.

"झकास हाये," ती म्हणाली. "काही घालू नका."

चहा चांगला होता. तो तिने प्यायला.

परतताना ट्रकमध्ये आनंदा हलका झाला होता. "बरं झालं माय, तू गप्प राहिलीस," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "बाईंना तू आवडलीस." तिने मान हलवली. समुद्राकडचा वारा येत होता आणि त्यात तिला अजून मोहाचा वास येत होता. कदाचित तो तिच्या लुगड्याला लागला असेल.

होळी झाली. भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळून राब भाजायचे दिवस आले तशी मंगळी गावाला निघाली. निघण्याआधी दुधीचं बी आणि तिच्या वाट्याची वांगी न्यायला आली. रखमाबाईला तिची चाहूल लागली, आणि आपण ओळीच्या पुढच्या बाजूला निघून जावं असं मनात आलं. पण मंगळी कुंपणाशी पोचलीसुद्धा होती. डोक्यावर रिकामी पाटी. ती खड्ड्याकडे बघत उभी राहिली.

"बाय, कठं गेली?"

नर्मदा दारात तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला. रखमाबाईला वाटलं, सांगावं. माझ्या लेकानं मला डोळ्याच्या डॉक्टरकडं पाठवलं आणि मागं चोरून नेली. मग मंगळी जवळ बसली असती. खांद्यावर हात ठेवला असता. म्हणाली असती, आरं माजे बाय. आणि हे पोटच्या पोराने फसवलेल्या म्हातारीला म्हटलं गेलं असतं. ते ऐकायची ताकद तिच्यात नव्हती.

"विकली," ती म्हणाली.

"इकली?"

"हाव. साहेबाला."

मंगळी तिच्याकडे बघत राहिली. थट्टा आहे का हे बघत असावी. तिच्या चेहऱ्यावर हसू अर्धं येऊन थांबलं होतं.

"माज्या रानातली बी?"

"सगळीच."

मंगळी खड्ड्यात उतरली. उकिडवी बसून तिने अंगठ्याच्या नखाने मुरूम खरवडला, इथं, मग थोडं पलीकडे, मग कुंपणाच्या बुडाशी. उठली. हात झटकले. रखमाबाईने बियांची पुरचुंडी पुढे केली होती. मंगळीने ती घेतली नाही.

"माज्या सासूनं रागवलेलं," ती म्हणाली, जणू दुसऱ्याच कुणाला सांगत होती. "बोलली, आपल्या रानातला जीव परक्याला नको देऊ. मीच बोलली, ती परकी नाय." आणि पाटी डोक्यावर ठेवून रुळाच्या बाजूने चालू लागली.

"आत्याबाई," नर्मदा म्हणाली, "खोटं कशाला सांगितलं? तिला उगाच..."

"तांदूळ निवड," रखमाबाई म्हणाली.

पावसाळ्यात साहेबांची बदली झाली. जाण्याआधी त्यांनी खरंच शब्द टाकला, आणि आनंदा पर्मनंट झाला. त्याने ओळीत पेढे वाटले, आईच्या पायावर डोकं ठेवलं. "तुझ्या मातीनं झालं हे, माय," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस दाट होते, बापासारखे. त्या हाताला काहीच वाटलं नाही, याचं तिला पुढे कितीतरी दिवस आश्चर्य वाटत राहिलं. खड्ड्यात पावसाचं पाणी साचून राहिलं, त्यात डास झाले, तेव्हा आनंदाने तिथं फरशी घालून घेतली. नर्मदाला कपडे धुवायला सोय झाली.

दिवाळीनंतर बाहेरगावचे मजूर परत येऊ लागले. एका सकाळी ओळीच्या त्या टोकाला हाक ऐकू आली, "लाकडं घ्या, लाकडं..." रखमाबाईने आवाज ओळखला आणि ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. मंगळी एकेका दारापुढे थांबत होती, हाक देत होती. शेजारच्या दारापुढे थांबली. भारा उतरवला, दोन मोळ्या दिल्या, शेजारणीशी काहीतरी बोलून हसली. भारा पुन्हा चढवला. मग या दारासमोरून, रखमाबाई उभी असताना, भिंतीपुढून जावं तशी ती गेली, आणि पलीकडच्या दाराशी थांबून तिने हाक दिली.